घोड्याला सापाचं विष टोचतात ते काम करायचंय, शिकू काय?

तुझं पत्र वाचलं. बारावी सायन्स झालीय, नीट दिलीय पण एमबीबीएस लागेल असं वाटत नाही, आणि साप चावल्यावरची लस घोड्यापासून बनते हे कळल्यापासून एकच प्रश्न की एवढं विष टोचून घोडा मरत कसा नाही. पप्पा म्हणतात गुरांची डॉक्टर होऊन काय करणार. पप्पांचं नंतर बघू, आधी घोडा.

लस नाही गं ती, प्रतिविष. घोड्याला पहिला डोस इतका किंचित देतात की त्याला विषबाधा होत नाही, पण अंगात परकं काहीतरी शिरलंय हे शरीराला कळतं. त्या पहिल्या वेळी अँटीबॉडी, म्हणजे विषाला धरून निकामी करणारी प्रोटीनं, उशिरा बनतात, आठवडाभर तरी जातो, बनतात त्याही कमीच, पण मेमरी सेल, म्हणजे ते विष लक्षात ठेवणाऱ्या पेशी, मागे उरतात. पुढचा डोस थोडा वाढवून दिला की त्या कामाला लागतात, मग अँटीबॉडी लवकर येतात, भरपूर येतात आणि विषाला जास्त घट्ट धरतात. असं वाढवत वाढवत नेलं की जे विष पहिल्याच दिवशी दिलं असतं तर घोडा गेला असता, तेवढं तो सहन करतो. तुमच्या गोठ्यात लाळ्या खुरकूतची लस सहा महिन्यांनी परत देतात ना, तत्त्व तेच.

मग मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, तांबड्या पेशी खाली बसल्या की वरचा पिवळट प्लाझ्मा घ्यायचा, अँटीबॉडी त्यातच असतात, आणि व्यवस्थित काम चालत असेल तिथे त्या पेशी घोड्यालाच परत देतात. आपल्याकडे मुंबईचं हाफकिन हे प्रतिविष बनवतं, नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांवर एकच. गंमत म्हणजे घोड्याचं प्रोटीन आपल्या शरीराला परकं, म्हणून काही पेशंटना रिॲक्शन येते आणि डॉक्टर ती आवरायला ॲड्रेनालिनचं इंजेक्शन भरून तयार ठेवतात.

आता शिक्षण. घोड्याजवळ राहायचं असेल तर बीव्हीएससी, म्हणजे गुरांच्या डॉक्टरची पदवी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, ॲडमिशन नीटच्या मार्कांवरच, म्हणजे तुझी परीक्षा वाया गेलेली नाही, पुढे मायक्रोबायोलॉजीत एमव्हीएससी. नुसत्या लॅबमध्ये रमणार असशील तर बीएस्सी मायक्रो चालेल, पण मग घोड्याला हात लावायला मिळेलच असं नाही आणि एमएस्सीशिवाय पगार बेताचाच. मला विचारशील तर पहिला रस्ता. पप्पांना म्हणावं, माणसाला साप चावला की जे इंजेक्शन देतात ते या गुरांच्या डॉक्टरांशिवाय बनत नाही.

आणि नीटचा स्कोअर लिहायला विसरलीस, कॅटेगरीसकट कळव म्हणजे कॉलेजचं बोलता येईल.