व्हिएतनामी मुलं आणि इंग्रजी क्रियापद: आधी काय शिकवावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की तुम्ही नाशिकहून ऑनलाइन इंग्रजी शिकवता. विद्यार्थी हनोई आणि हो ची मिन्ह शहरातले, तेरा-चौदा वर्षांचे. बाराही काळांची सूत्रं ते पेपरात बिनचूक लिहितात आणि बोलायला लागले की सगळंच वर्तमानकाळात. इतकं घोकून घेतलं तरी असं का होतं, आणि व्याकरणातलं आधी काय घ्यावं? मी चार वर्षं हो ची मिन्ह शहरात शिकवलं, आता पुण्यातून तिथल्याच मुलांचे तास घेते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली विनंती ही की आणखी घोकून घेऊ नका. घोकण्यात ती मुलं आपल्या मुलांच्या पुढे आहेत. ‘360 अनियमित क्रियापदां’चा तक्ता तिथे घरोघरी असतो आणि तो पाठही असतो. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि मराठी माणसाला ती दिसायला वेळ लागतो, कारण आपलं क्रियापद फार बोलकं. गेलो, गेलीस, गेली, गेलं, जाईन, जातेस. नुसता शब्द कानावर पडला तरी कोण, बाई की पुरुष, कधी, सगळं कळतं. व्हिएतनामीत ‘दी’ म्हणजे जाणं. मी दी, तू दी, आजी दी, काल दी, उद्या दी. शब्द जागचा हलत नाही. ‘होम क्वा तोय दी च’ याचा शब्दाला शब्द अर्थ ‘काल मी जा बाजार’. ‘काल’ म्हटलं की काळ सांगून झाला. अगदी गरज वाटली तर क्रियापदाआधी झालेल्यासाठी ‘दा’, चालू असलेल्यासाठी ‘दांग’, होणाऱ्यासाठी ‘सॅ’ लावतात. पण संदर्भ स्पष्ट असेल तर तेही गाळतात, आणि गाळलेलंच कानाला बरं वाटतं.

म्हणजे ‘येस्टरडे आय गो टू द मार्केट’ म्हणणाऱ्या मुलाने त्याच्या हिशेबाने काळ सांगितलेला असतो. तो निष्काळजी नसतो. आपण ‘टेन्स! टेन्स!’ म्हणून टोकतो तेव्हा त्याला खरंच कळत नाही की राहिलं काय.

मी बारा काळ बाजूला ठेवून एकच गोष्ट शिकवते. इंग्रजी वाक्यात काळ वाहणारं क्रियापद एक असतं. शून्य चालत नाही, दोनही चालत नाहीत. जोडवाक्य असेल तर प्रत्येक तुकड्यात एक. मुलांना मी त्या एका शब्दाभोवती लाल गोल काढायला लावते.

एका मुलीने दलतच्या सहलीबद्दल लिहिलेलं माझ्याकडे अजून आहे. दलत हे तिथलं डोंगरावरचं थंड हवेचं ठिकाण, स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध, आपल्या महाबळेश्वरसारखं. तिने लिहिलं होतं: ‘लास्ट वीक आय गो टू दलत. दलत व्हेरी कोल्ड. माय सिस्टर वॉज बाय मेनी स्ट्रॉबेरीज. वी डिडन्ट वेंट टू द वॉटरफॉल. आय वॉन्ट गो अगेन.’ पाच वाक्यं, पाच चुका, आणि पाठ्यपुस्तकात त्या पाच वेगवेगळ्या धड्यांत सापडतील. आता गोल काढून बघा. पहिल्यात ‘गो’ला गोल आहे, पण त्याच्यावर काळ चढवलेला नाही. दुसऱ्यात गोल काढायला क्रियापदच नाही. तिसऱ्यात ‘वॉज’ आणि ‘बाय’ असे दोन. चौथ्यात ‘डिड’ने काळ उचललेला असताना ‘वेंट’ने पुन्हा उचलला. पाचव्यात ‘वॉन्ट’ काळ वाहतंय, मग ‘गो’ मोकळं झालं आणि मोकळ्या क्रियापदापुढे ‘टू’ हवा. त्यांच्याकडे ‘तोय मुओन दी’ म्हणजे ‘मी हवं जा’, क्रियापदं नुसती एकापुढे एक ठेवली की काम होतं, म्हणून ‘टू’ सुटतो. त्या मुलीने हे गोल स्वतः काढले, मी फक्त प्रत्येक ओळीला ‘किती?’ एवढं विचारत गेले. चौथ्या ओळीला ती थांबली, ‘टू’ म्हणजे ‘दोन’ म्हणाली, आणि ‘वेंट’ खोडून तिनेच ‘गो’ लिहिलं.

दुसऱ्या वाक्याबद्दल जास्त सांगायला हवं, कारण त्यातून चुकांची एक माळच निघते. व्हिएतनामीत ‘ला’ हा आपल्या ‘आहे’सारखा शब्द आहे, पण तो दोन नामं जोडतो. ‘को अय ला बाक सी’, ती डॉक्टर आहे. ‘ती सुंदर आहे’ म्हणताना मात्र ‘को अय देप’, बस्स. विशेषण तिथे स्वतःच क्रियापदासारखं उभं राहतं. म्हणून ‘शी ब्यूटिफुल’. आणि ‘खूप’साठीचा ‘रत’ हा शब्द सुंदरच्या आधी लागतो तसाच आवडण्याच्याही आधी लागतो, म्हणून ‘आय व्हेरी लाइक’. यावर शिक्षक ‘ॲम कुठाय? इज कुठाय?’ असं इतकं ओरडतात की मूल धसक्याने सगळीकडेच ‘ॲम’ घालायला लागतं: ‘आय ॲम ॲग्री’, ‘आय ॲम लिव्ह इन हनोई’. ही दुसरी चूक त्यांच्या भाषेतून आलेली नाही, आपल्या टोकण्यातून आलेली आहे. मी ज्या केंद्रात होते तिथे दोन्ही चुकांना ‘निष्काळजीपणा’ असा एकच शेरा लिहायची पद्धत होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

आता उच्चार. क्रियापदाच्या धड्यात उच्चार कशाला, असं वाटेल. पण अर्धं दुखणं इथेच आहे. व्हिएतनामीत शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात: प, त, क आणि म, न, ङ, ञ यांसारखी अनुनासिकं. शेवटी स नाही, झ नाही, ल नाही, ड नाही, जोडाक्षर तर नाहीच. आणि शेवटचा प, त, क सुद्धा तोंडातल्या तोंडात मिटतो, फुटत नाही. फ्रेंचांकडून घेतलेले शब्द पाहा. बसला ते ‘से बुइत’ म्हणतात, शेवटच्या स चा त झाला. ‘शमीझ’ म्हणजे सदरा, त्याचा ‘स मी’ झाला, झ गेलाच. आता विचार करा, इंग्रजीने भूतकाळ आणि ‘ही-शी’ची खूण नेमकी कुठे ठेवली आहे? शब्दाच्या अगदी शेपटाला, त, ड, स, झ मध्ये. ‘वर्क्ट’ आणि ‘वर्क’, ‘लिव्ह्ज’ आणि ‘लिव्ह’ हे त्यांच्या कानाला एकच. जे ऐकूच येत नाही ते बोलण्यात कसं येणार?

लिपी रोमन असल्यामुळे आपली फसगत होते, की यांना अक्षरं तर ओळखीची आहेत. ती लिपी घडवली पोर्तुगीज आणि इतर जेझुइट पाद्र्यांनी. त्यांच्यापैकीच आलेक्सांद्र द रोड यांचा व्हिएतनामी शब्दकोश 1651 साली रोममध्ये छापला गेला, आणि हे गृहस्थ तिकडे जाण्याआधी काही काळ आपल्या गोव्यात राहिले होते. पण अक्षरं ओळखीची असली तरी त्यांचं वागणं व्हिएतनामी आहे.

यावर मला सापडलेला उपाय असा. ‘वॉन्टेड’, ‘नीडेड’, ‘व्हिझिटेड’ यांपासून सुरू करा. तिथे भूतकाळाला स्वतःचं पूर्ण अक्षर मिळतं, त्यामुळे तो ऐकू येतो. बरोबरीने ‘सी-सॉ’, ‘कम-केम’, ‘गेट-गॉट’ अशी क्रियापदं घ्या, ज्यांत स्वरच बदलतो. स्वर त्यांचे फार पक्के. व्हिएतनामीत सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, असे सहा सूर सांभाळणारे कान आहेत ते. मग शेपटाकडे वळा, पण शेपूट पुढच्या शब्दाला जोडून. ‘लिव्ड इन’ न म्हणता ‘लिव्ह-डिन’. ‘वर्क्ट ॲट’चं ‘वर्क-टॅट’. ‘लाइक्स इट’चं ‘लाइक-सिट’. शब्दाच्या सुरुवातीला त, द, स त्यांना सहज येतात, अडतं ते शेवटी. म्हणून शेवट उचलून पुढच्याची सुरुवात करून द्यायची. पंधरा दिवसांत फरक दिसतो. शब्द सुटा म्हणताना पुन्हा शेपूट गळेल, गळू द्या.

पूर्ण वर्तमानकाळ पुस्तकात उशिरा येतो. मी तो लवकर घेते, कारण तो त्यांच्या घरात आधीच आहे. ‘अन कम चुआ?’ हे तिथलं नेहमीचं विचारणं, आपल्या ‘जेवलीस का?’ सारखं, कधी कधी नुसता नमस्कार म्हणून. शब्दशः ‘खा भात अजून-नाही?’ उत्तर ‘रोय’, म्हणजे झालं, किंवा ‘चुआ’, म्हणजे अजून नाही. साधं नाही म्हणजे ‘खोंग’, ते इथे बसत नाही, कारण जेवण व्हायचंच आहे. बघा, ‘हॅव यू ईटन येट?’ आणि ‘नॉट येट’ यांचा सगळा अर्थ त्यात आला. तासाच्या सुरुवातीला रोज हाच प्रश्न इंग्रजीत विचारा. तुम्ही साडेसहाला तास घेत असाल तर तिकडे आठ वाजलेले असतात, प्रश्नही वेळेचाच होतो. एकच सांभाळा: ‘रोय’ त्यांना ‘काल’बरोबरही चालतो, म्हणून ‘आय हॅव ईटन इट येस्टरडे’ येईल. इथे आपणही जपायला हवं. ‘तो सिनेमा मी गेल्या वर्षी पाहिलाय’ हे मराठीत अगदी सरळ आहे, आणि आपल्या तोंडून ‘आय हॅव सीन इट लास्ट इयर’ निघून जातं. तसंच ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’. तुमच्या तोंडून आलेलं ती मुलं बरोबर समजून उचलतात.

‘को’ हा शब्द ‘जवळ असणं’ आणि ‘कुठे असणं’ दोन्हींसाठी आहे. त्यामुळे ‘इन माय हाउस हॅज फोर पीपल’ हे वाक्य तुम्ही शंभर वेळा ऐकाल. आपलं ‘आहे’ही दोन्ही कामं करतं, ‘मला दोन भाऊ आहेत’ आणि ‘घरात चार माणसं आहेत’, म्हणून हे तुम्हाला चटकन समजेल. वाक्य माणसापासून सुरू झालं तर ‘हॅव’, जागेबद्दल असेल तर ‘देअर इज’ किंवा ‘देअर आर’, एवढं पुरतं. ‘आय ॲम फाइंडिंग माय की’ ऐकू येईल, कारण ‘तिम’ म्हणजे शोधणं आणि सापडणं म्हणजे ‘तिम थय’, शोध-दिस. इंग्रजीतला ‘फाइंड’ हा ‘थय’सकट आहे, असं सांगा, लगेच कळतं. ‘ओपन द लाइट’ हेही येईल, ते जाता जाता सुधारा.

कर्मणी प्रयोग सध्या नका घेऊ. त्यांच्याकडे वाईट घडलं तर ‘बी’ आणि चांगलं घडलं तर ‘दुअक’ असे वेगळे शब्द आहेत, आणि ज्याला सोसावं लागलं तो माणूसच कर्ता होतो, म्हणून ‘आय वॉज स्टोलन माय फोन’. इंग्रजी कर्मणीला बरं-वाईट काही नाही, हे उलगडून सांगायला वेळ लागतो. वरचं सगळं स्थिरावल्यावर घ्या.

चूक सुधारताना वाक्य मध्येच तोडू नका. चारचौघांत टोकलं की ही मुलं गप्प होतात, आणि पुढचे दोन तास गप्पच राहतात. बोलणं पूर्ण होऊ दे, मग त्याचंच एक वाक्य लिहून विचारा, गोल कुठे? ती तुम्हाला नुसतं ‘टीचर’ म्हणून हाक मारतील. ते उद्धट नाही, त्यांच्या ‘को’चं भाषांतर आहे. हा ‘को’ वेगळ्या सुराचा, त्याचा मूळ अर्थ आत्या, आणि तिथे बाईंना तेच म्हणतात. आणि ‘डोन्ट यू लाइक इट?’ला उत्तर ‘यस’ आलं तर थांबून पुन्हा विचारा. आपण ‘हो, नाही आवडत’ म्हणतो, तसंच ते म्हणत असतात.

उद्याच्या तासाला मुलांना गेल्या आठवड्यातल्या एका दिवसाबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगा आणि गोल काढू द्या. त्यांची वाक्यं इथे टाकलीत, नावं वगळून, तर पुढचा क्रम आपण मिळून लावू.