आधी मोजमाप, मग सवलत

प्रिय तरुण सहकारी,
सप्रेम नमस्कार.

खासगी आरोग्यविमा कंपनी आणि औषध कंपनी यांच्यात सहकार्याचा करार घडवून आणण्याचे काम तुमच्याकडे आल्याचे कळले. सवलत किती मागावी, हा तुमचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. उत्पादकाने सूट द्यायची आणि विमा कंपनीने त्याचे औषध, ज्यांचा खर्च ती देते त्या औषधांच्या मान्य यादीत वर ठेवायचे, हा व्यवहार जुनाच आहे. त्याला सहकार्य म्हणणे मला जड जाते. औषधाचा गुण आला नाही तर भुर्दंड कोणी सोसायचा हे दोघांनी मिळून ठरवायला हवे, आणि त्यासाठी गुण कशाने मोजायचा यावर आधी एकमत लागते.

अमेरिकेत २०१७ मध्ये हार्वर्ड पिलग्रिम या विमा संस्थेशी अ‍ॅम्जेन या औषध कंपनीने केलेला करार पाहा. कोलेस्टेरॉल उतरवणारे रेपाथा हे औषध ठरावीक काळ घेऊनही पात्र रुग्णाला हृदयविकाराचा किंवा मेंदूचा झटका आला, तर औषधाचा खर्च परत करण्याचे उत्पादकाने मान्य केले. मला यात निकषाची निवड अधिक मोलाची वाटते, कारण असा रुग्ण रुग्णालयात दाखल होतो, त्याचे बिल विमा कंपनीकडे येतेच, आणि वेगळी तपासणी न करता घटना नोंदीत सापडते. ‘रुग्णाला बरे वाटू लागले’ असा निकष घातला असता, तर तो नोंदवणार कोण?

औषध नियमित घेतले का, यावर मात्र हमखास वाद होतो. दाव्यांच्या नोंदीत औषध दुकानातून नेल्याची तारीख दिसते. ते पोटात गेले की नाही, हे दिसत नाही. म्हणून दोन खरेद्यांमध्ये किती दिवसांचा खंड चालेल, हे करारातच लिहून घ्या.

एकदाच द्यायच्या जनुकीय उपचारांत काळाचा प्रश्न येतो. लक्सटर्ना या दृष्टिदोषावरील उपचाराची २०१८ मधील जाहीर किंमत दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर होती, आणि त्याच्या करारात परिणाम आधी ३० ते ९० दिवसांत व पुन्हा ३० महिन्यांनी तपासायचे ठरले. तोवर रुग्णाने विमा कंपनी बदलली तर दुसरी तपासणी कोण करणार आणि परतावा कोणाला मिळणार, हे कलम बहुतेक मसुद्यांत शेवटी उरकले जाते. तुम्ही ते आधी लिहा.

कायद्याकडेही लक्ष असू द्या. अमेरिकेत उत्पादकाला आपली सर्वांत कमी किंमत मेडिकेड या सरकारी योजनेसाठीही हिशेबात धरावी लागते, त्यामुळे एका रुग्णापोटी दिलेला मोठा परतावा हीच सर्वांत कमी किंमत ठरून फार महागात पडू शकत असे. अशा करारांसाठी तो नियम २०२२ मध्ये सैल झाला. रुग्णांची माहिती कोणाला, किती आणि कोणाच्या संमतीने दिसेल, हेही पहिल्याच मसुद्यात यावे.

पहिल्या बैठकीला विक्री विभागाआधी दोन्हीकडचे डॉक्टर आणि दाव्यांची आकडेवारी सांभाळणारे लोक बसवा. ठरलेला निकष गेल्या वर्षाच्या नोंदींवर लावून पाहा, आणि परताव्याला किती रुग्ण पात्र ठरले असते ते काढून मला कळवा. सवलतीचे आपण त्यानंतर बोलू.

कळावे,
तुमचा शुभचिंतक