विज्ञान प्रदर्शनासाठी कच्च्या केळीतल्या स्टार्चचे फोटो शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून मोबाईलवर कसे काढू? (रावेर)

भाऊ, रावेरात कच्चं केळं मागायला लांब जावं लागणार नाही. पिकलेलं मात्र नको, पिकताना स्टार्चची साखर होते. कापलेल्या भागावर टाचणी हलकेच फिरवून काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात बुडवा, वर कव्हरस्लिप (पातळ काचेचा चौकोनी तुकडा) ठेवा. जास्त खरवडलंत तर फोटोत नुसता चिखल दिसेल.

आता खरी गंमत. पोलरॉइड फिल्मचे (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी पारदर्शक फिल्म, झटपट फोटोची नव्हे) दोन तुकडे मिळवा. एक काचपट्टीखाली, दिव्याच्या वाटेत. दुसरा नेत्रिकेवर ठेवून सावकाश फिरवा. एका जागी सगळं काळं होतं आणि स्टार्चचे कण तेवढे चमकतात, प्रत्येकावर काळी फुली! कणातल्या रेणूंची मांडणी केंद्रातून बाहेर जाणारी असते, म्हणून ही फुली उमटते. आयोडीनने कण निळे-काळे होतात, तो फोटो वेगळा काढा. वेळ उरला तर कापसाचा तंतूही असाच बघा, पिळलेल्या फितीसारखा दिसतो.

मोबाईल हातात धरू नका. स्टँड, टायमर, आणि फोकस-एक्स्पोजर लॉक, नाहीतर कॅमेरा आपल्या मनाने काळी पार्श्वभूमी राखाडी करतो. ब्युटी फिल्टर बंदच.

भिंग आणि झूम तेच ठेवून पारदर्शक पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघांचाही एक फोटो घ्या. त्यावरून कणांच्या फोटोवर आकार दाखवणारी मोजपट्टी आखता येते. परीक्षक पहिल्यांदा आकारच विचारतात.