रोमानियातले कलाकार १९८९ नंतर स्वतःचं शरीरच कलाकृती म्हणून का वापरू लागले?

कारण त्या शरीरावर आधी राज्यसत्तेनं हक्क सांगितला होता. १९८९ मध्ये उलथून पडलेल्या कम्युनिस्ट हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत १९६६ च्या हुकुमानं गर्भपातावर जवळपास बंदी आली. बाईनं किती मुलं जन्माला घालायची यात सरकार शिरलं. दान पेर्झोव्स्की या चित्रकाराचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. १९९३ मध्ये रोमानियातल्याच तिमिश्वारा शहरातल्या एका महोत्सवात त्यानं दंडावर ‘रोमानिया’ असं गोंदवून घेतलं, गुरांवर मालकाची खूण डागतात तसं. २००३ मध्ये जर्मनीत कासेलच्या प्रदर्शनाच्या निमित्तानं त्यानं ते लेझरनं काढून टाकलं. पण लेझरनं शाई तिथल्या तिथे नाहीशी होत नाही, तिचे बारीक कण होऊन शरीरात जातात. देशाची ओळख पुसायला जावं तर ती आणखी आत मुरते, हे इतक्या थेटपणे क्वचितच कुणी दाखवलं असेल. मात्र ‘१९८९ नंतर’ हे पूर्ण खरं नाही. इओन ग्रिगोरेस्कू हा कलाकार सत्तरच्या दशकातच बुखारेस्टमध्ये, लोकांच्या नजरेआड, स्वतःच्या शरीराचे फोटो आणि फिल्म्स करत होता. नंतर हे काम चारचौघांत करता येऊ लागलं.