चित्र कुणाच्या हातचं?

प्रश्न : माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात सतराव्या शतकातला फ्लेमिश चित्रकार रूबेन्स याचं, ग्रीक वीर अकिलीसचं मोठं चित्र पाहिलं. वीस मिनिटं समोरून हलले नाही. नंतर कळलं, की ते बरंचसं त्याच्या शिष्यानं रंगवलंय. मन खट्टू झालं. काम शिष्यांकडून करून घ्यायचं आणि नाव आपलं लावायचं, ही फसवणूक नाही का? – एक वाचक

उत्तर : नाही. आणि हे मी रूबेन्सच्याच कागदाच्या आधारावर सांगते. ज्या चित्रापुढे तुम्ही उभ्या होतात, त्याच चित्राबद्दल त्यानं गिऱ्हाइकाला आधीच लिहून दिलं होतं.

हे गिऱ्हाईक म्हणजे डडली कार्लटन, हेगमधला इंग्लंडचा राजदूत. त्याच्याकडे प्राचीन संगमरवरी मूर्तींचा संग्रह होता आणि रूबेन्सला तो हवा होता. बदल्यात चित्रं देऊ, असं ठरलं. 28 एप्रिल 1618 रोजी रूबेन्सनं अँटवर्पहून घरात असलेल्या चित्रांची यादी पाठवली. प्रत्येक चित्रापुढे माप, किंमत आणि ते कुणाच्या हातचं हेही लिहिलं. सिंहांच्या गुहेतला डॅनिएल : 600 फ्लोरिन (त्या काळचं चलन), संपूर्ण माझ्या हातचं. प्रोमिथियस : 500 फ्लोरिन, माझ्या हातचं, गरुड मात्र प्राणी रंगवणाऱ्या स्नायडर्सनं केलेला. बारा प्रेषित आणि ख्रिस्त : माझ्या मूळ चित्रांवरून शिष्यांनी केलेले, माझा हात फिरायचा आहे, प्रत्येकी 50 फ्लोरिन. आणि तुमचा अकिलीस : माझ्या सर्वांत चांगल्या शिष्यानं केलेला, त्यावर सगळीकडे मी हात फिरवलाय, 600 फ्लोरिन.

हा सर्वांत चांगला शिष्य म्हणजे बहुधा अँथनी व्हॅन डाइक, पुढे स्वतःच मोठा चित्रकार म्हणून गाजलेला. तेव्हा तो जेमतेम एकोणीस वर्षांचा होता. तुमची वीस मिनिटं वाया गेली नाहीत, एवढं तर यावरूनच कळतं.

वर्गात ही यादी मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. मुलं आधी किमती वाचायची आणि मग कुणीतरी हमखास विचारायचं, डॅनिएलला 600 आणि अकिलीसलाही 600, हे कसं? डॅनिएल आकारानं मोठा आहे, सगळा स्वतःच्या हातचा आहे, तरी भाव तोच. मला वाटतं, रूबेन्सच्या लेखी अकिलीस कुठेच कमी नव्हता. कल्पना त्याची, मांडणी त्याची, शेवटचा हात त्याचा. पन्नास फ्लोरिनवाले प्रेषित वेगळे. ती नक्कल होती आणि भावही नकलेचाच होता.

त्या काळच्या अँटवर्पमध्ये चित्र रंगवणं हा एकट्यानं खोलीत बसून करायचा उद्योग नव्हता. चित्रं बरेचदा लाकडावर काढत, त्या फळ्या जोडणारे सुतार वेगळे. त्यांच्या कामाची तपासणी व्हायची आणि पसंत पडलेल्या फळीच्या पाठीवर शहराचं चिन्ह, म्हणजे किल्ला आणि दोन हात, तापल्या लोखंडानं डागलं जायचं. जुनं फ्लेमिश चित्र उलटं करून पाहायची संधी कधी मिळाली, तर ती सोडू नका. प्राणी रंगवण्यात एक पारंगत, फुलांत दुसरा, निसर्गदृश्यात तिसरा, आणि हे सगळे एकमेकांकडे जाऊन काम करत. रूबेन्सकडे शिकायला येणाऱ्यांची रीघ इतकी, की 1611 च्या एका पत्रात तो म्हणतो, शंभरावर जणांना नाही म्हणावं लागलं, त्यांत माझे आणि बायकोचे नातेवाईकही होते.

करारसुद्धा उघडे असत. 1620 मध्ये अँटवर्पच्या जेझुइट चर्चसाठी छताची 39 चित्रं ठरली. करारात स्पष्ट लिहिलंय, की छोटी स्केचेस रूबेन्सनं स्वतःच्या हातानं करायची आणि मोठी चित्रं व्हॅन डाइक व इतर शिष्यांनी त्यावरून रंगवायची. 1718 मध्ये आग लागली आणि छत गेलं. पण स्केचेस सगळी गेली नाहीत, आणि त्या छताची आज आपल्याला जी ओळख आहे ती मुख्यतः त्यांच्यामुळे. गिऱ्हाइकाला काय हवं होतं, ते या करारात दिसतं : रूबेन्सचं डोकं. हात किती जणांचे लागतील, हा सोयीचा प्रश्न होता.

तरीही मन मानत नसेल, तर माझा एक अनुभव सांगते. विद्यार्थिनी असताना हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात एदेनच्या बागेचं चित्र पाहिलं, रूबेन्स आणि त्याचा समकालीन चित्रकार यान ब्रूगेल दोघांनी मिळून केलेलं. जेमतेम पाऊण मीटर उंच. आदम आणि इव्ह, त्यांच्यावरचं झाड, साप आणि तपकिरी घोडा रूबेन्सचे. बाकीची बाग, मोर, पोपट, वाघ, माकडं सगळी ब्रूगेलची. मी नाक जवळ नेऊन आदमच्या पायाशी गवत सुरू होतं ती जागा शोधत राहिले. इकडे अंगाचा रंग ओल्या रंगात ओला मिसळलेला, सैल हातानं फिरवलेला. तिकडे पान न् पान सुटं, केसाएवढ्या कुंचल्यानं काढलेलं. दोन स्वभाव एका फळीवर शेजारी नांदत होते. खाली दोघांच्या सह्या आहेत आणि रूबेन्सनं आपल्या सहीपुढे आकृत्या आपल्या असल्याचं लिहिलंय. त्या दिवसानंतर ‘हे नक्की कुणाचं?’ हा प्रश्न मला तक्रारीचा वाटला नाही. तो चित्र पाहायचा रस्ता झाला.

प्रश्न : संग्रहालयात उभं राहून रूबेन्सचा स्वतःचा हात ओळखता येतो का?

उत्तर : खात्रीनं सांगणं तज्ज्ञांनाही जड जातं. पण डोळा तयार होतो आणि त्यासाठी सुरुवात मोठ्या चित्रांपासून करू नये. आधी त्याची छोटी तैलस्केचेस शोधा, लाकडावरची. पांढऱ्या खडूच्या अस्तरावर तो पातळ तपकिरी-करडा रंग रुंद ब्रशनं फराटे मारल्यासारखा फिरवायचा. ते फराटे त्यानं झाकलेच नाहीत. सावलीत ते तसेच उघडे राहतात, आणि उजेड तेवढा जाड रंगानं वर येतो. अंगाच्या रंगात उजेड आणि सावली यांच्या सीमेवर निळसर झाक दिसते, तर सावलीच्या कडेला लालसर. हे पाचदहा स्केचेसमध्ये नीट पाहा आणि मग मोठ्या चित्रापुढे जा. जिथे सावली जड, बुजलेली आणि एकसारखी वाटेल, तिथे दुसऱ्या हाताची शंका घ्यायला हरकत नाही.

प्रश्न : अँटवर्पला एकच दिवस आहे. काय पाहू?

उत्तर : कॅथीड्रल. तिथे रूबेन्सची चार मोठी चित्रं आहेत. चारही पाहा, पण वेळ ‘क्रुसावरून उतरवताना’ या चित्राला द्या, 1612 ते 1614 मधलं. ते बंदूकधाऱ्यांच्या संघानं करून घेतलं. त्यांचा पाठीराखा संत क्रिस्तोफर, म्हणजे ख्रिस्ताला वाहून नेणारा. रूबेन्सनं हा एक धागा धरून सगळं गुंफलं : मधल्या चित्राला दोन्ही बाजूंनी मिटणाऱ्या पाखा आहेत, डाव्या पाखेवर गरोदर मेरी, उजव्या पाखेवर बाळाला हातांवर घेतलेला वृद्ध शिमोन, मध्ये मृत देह झेलणारी माणसं, आणि पाखांच्या बाहेरच्या बाजूला खुद्द क्रिस्तोफर, खांद्यावर मूल घेतलेला. जो तो ख्रिस्ताला वाहतोय.

मधल्या चित्रात वर वाकलेल्या माणसाकडे पाहा. हात अपुरे पडले म्हणून त्यानं कापड दातांत धरलंय. तिथून पांढऱ्या कापडावरून नजर घसरत खाली येऊ द्या, लाल वस्त्रातल्या योहान या शिष्यापाशी. शिडीवर पाय रोवून तो सगळा भार अंगावर घेतोय. आणखी खाली मॅग्डालीन आहे, सोनेरी केसांची. ख्रिस्ताचा निर्जीव पाय तिच्या उघड्या खांद्यावर टेकलाय. शक्य तितकं जवळ जा आणि त्या पायाचा रंग आणि त्या खांद्याचा रंग शेजारी शेजारी पाहा.