चार वाजता, पण कुणाच्या चार वाजता?

दिवाळी आटोपली की सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझची बुकिंगं सुरू होतात आणि माझी मेलपेटी भरायला लागते. मार्ग बहुतेकांचा एकच: सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडमधलं फुकेत, परत सिंगापूर, कधी मध्ये क्वालालंपूरजवळचं बंदर पोर्ट क्लांग. प्रश्नही तेच. जहाज बंदरात थांबेल त्या सात-आठ तासांत कुठं जायचं, कुणाकडून जायचं, स्वस्तात कसं जायचं. टूर मॅनेजर म्हणून मराठी ग्रुप घेऊन या मार्गावर इतक्या वेळा गेले आहे की उत्तरं तोंडपाठ झाली आहेत. एकेकाला लिहिण्यापेक्षा सगळ्यांना एकदमच सांगते.

प्रश्न : ताई, आमच्या कागदपत्रांत फुकेतपुढे ‘टेंडर पोर्ट’ लिहिलंय. ही कसली निविदा? (कोल्हापूर)

निविदा नव्हे. जहाज धक्क्याला न लागता फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या पातोंगच्या उपसागरात नांगर टाकून उभं राहतं आणि लहान बोटींनी तुम्हाला किनाऱ्यावर नेतात. त्या बोटीला टेंडर म्हणतात. बोट पंधरा-वीस मिनिटांची, पण तिच्यासाठीची रांग तासाभराची असू शकते. जहाजाची सहल घेतलेल्यांना सहसा आधी सोडतात, बाकीच्यांना टोकन मिळतं.

दुसरी गोष्ट. जहाजाच्या दारातून हेलकावणाऱ्या बोटीत एक पाऊल टाकावं लागतं. खलाशी दोन्ही दंड धरून उतरवतात, तरी ज्यांचे गुडघे किंवा तोल साथ देत नाहीत त्यांना ते पाऊल अवघड जातं. व्हीलचेअर असेल तर आदल्या संध्याकाळीच गेस्ट सर्व्हिसला विचारा. लाटा मोठ्या असतील तर कॅप्टन थांबाच रद्द करतो. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे अशा वेळी परत मिळतात. बाहेरच्या एजंटकडून ते मिळतील का, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या.

प्रश्न : पेनांगला जहाजाची सहल घ्यावी का? (डोंबिवली)

नको. जहाज स्वेटनहॅम धक्क्याला लागतं आणि गेटबाहेर पडलात की जॉर्जटाउन. २००८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत असलेलं गाव पायी फिरण्यासारखंच आहे. फोर्ट कॉर्नवॉलिस काही मिनिटांवर, पुढे लिटल इंडिया. तिथे केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं आणि क्वीन स्ट्रीटवर १८३३ चं महामरिअम्मन मंदिर आहे. पेनांग हिलच्या रेल्वेने वर जायचं असेल तर ग्रॅब या मोबाइल ॲपवरून गाडी बोलवा. गेटवर ‘स्पेशल प्राइस’ म्हणत अंगावर येणाऱ्या टॅक्सीवाल्याकडे बघूसुद्धा नका. शनिवार-रविवारी हिलवर रांग फार असते, त्या दिवशी गावातच फिरा.

प्रश्न : फुकेतला जहाज सकाळी ८ ते संध्याकाळी ५ आहे. माझा भाचा म्हणतो, बाहेरच्या एजंटकडे फी फी बेटांची सहल जहाजापेक्षा निम्म्या दरात मिळते आणि नऊ तास भरपूर झाले. बुक करू का? (ठाणे)

भाच्याला वजाबाकी करायला सांगा. आठला जहाज थांबलं तरी कागदपत्रं होऊन टेंडरने किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत नऊ वाजतात. शेवटचा टेंडर पाचला नसतो, तासभर आधी असतो. राहिले सात तास. फी फीच्या स्पीडबोटी बहुतेक करून फुकेतच्या पूर्व किनाऱ्यावरून सुटतात आणि तुम्ही उतरलात पश्चिमेला. डोंगर ओलांडून जायला-यायला मिळून दोन तास. बोटीला जाऊन-येऊन दोन. उरले तीन. त्यात दोन-तीन ठिकाणचे थांबे, जेवण, स्नॉर्केलिंग आणि ‘एक माणूस अजून आला नाही’. बोट बिघडली, पातोंगच्या घाटात गाडी अडकली तर जमेला एक मिनिट नाही.

हे झालं वजाबाकीचं. आता ज्याच्यासाठी मी दरवर्षी घसा कोरडा करते ते घड्याळाचं.

सिंगापूर आणि मलेशियाचं घड्याळ एक आहे. थायलंडचं त्यांच्या एक तास मागे. जहाज फुकेतला पोहोचतं तेव्हा काही जहाजं आपलं घड्याळ मागे घेतात, काही घेत नाहीत, सिंगापूरच्याच वेळेवर चालतात. तुमचा मोबाइल मात्र किनाऱ्यावरचं नेटवर्क पकडताक्षणी, तुम्हाला न विचारता, थाई वेळ दाखवू लागतो. केबिनमध्ये रोज संध्याकाळी येणाऱ्या पत्रकावर ‘शेवटचा टेंडर ४’ लिहिलेलं असतं आणि तुमच्या हातातल्या मोबाइलवर त्या क्षणी ३ वाजलेले असतात. तुम्ही म्हणता, अजून तास आहे. तो तास नसतोच.

आमच्या ग्रुपमधलं एक जोडपं असंच राहिलं. पन्नाशीचे, शिकले-सवरलेले, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते कुठे फी फीला गेले नव्हते, पातोंगच्याच मॉलमध्ये होते, किनाऱ्यापासून दहा मिनिटांवर. नातवासाठी बॅग घेत होते. मी वरच्या डेकवर कठड्याशी उभी राहून एकेक टेंडर मोजत होते. जहाजाच्या लोकांनी त्यांची केबिन उघडून, तिजोरीतून पासपोर्ट काढून, पाकिटात घालून, शेवटच्या फेरीबरोबर बंदरातल्या एजंटकडे पाठवून दिले. ते पाकीट दिसलं की समजायचं, जहाज आता थांबत नाही. वाळूवर ती दोघं बॅग घेऊन धावत आली तेव्हा नांगर उचलला जात होता. गृहस्थ मोबाइल उंच करून दाखवत होते, बघा ना, अजून चार वाजलेले नाहीत! हॉटेल आणि विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून. दुसऱ्या दिवशी आमचं जहाज समुद्रातच होतं आणि ते आमच्या आधी सिंगापूरला पोहोचले, हे आता आम्ही हसून सांगतो. त्या दिवशी कुणी हसत नव्हतं.

म्हणून माझ्या ग्रुपमध्ये नियम असा: प्रत्येक घरातल्या एकाच्या मनगटावर साधं काट्याचं घड्याळ, जहाजातून उतरताना दारातल्या घड्याळाशी लावलेलं. मोबाइलची आपोआप वेळ बदलणारी सेटिंग बंद. उतरताना पत्रकाचा फोटो काढायचा, त्यावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो. बाहेरची सहल घेतलीच तर एजंटला ‘जहाज पाचला सुटतं’ असं मोघम सांगायचं नाही. ‘थाई वेळेप्रमाणे अमुक वाजता मला पातोंगच्या धक्क्यावर सोडायचं’ असं सांगून तेच व्हाउचरवर लिहून घ्यायचं. आणि ती वेळ शेवटच्या टेंडरच्या निदान दीड तास आधीची.

आता दराचं. जहाजाची सहल महाग असते, कबूल. त्या जादा पैशांत एक गोष्ट विकत मिळते: त्यांची बस किंवा बोट उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं. तुमच्या भाच्याच्या एजंटसाठी थांबत नाही. शिवाय ‘निम्म्या दरात’ राष्ट्रीय उद्यानाची फी धरली आहे का ते बघा. फी फीला परदेशी प्रौढांकडून माणशी ४०० बाट घेतात आणि ती बोटीत बसल्यावर मागितली जाते.

माझं ऐकाल तर टेंडरच्या बंदरात बाहेरच्या एजंटकडून फी फी अजिबात नको. जहाजाकडून घ्या, नाहीतर पातोंग, वाट चालोंगचं बौद्ध मंदिर आणि जुनं फुकेत शहर पाहून वेळेत परत या. नक्की करण्याआधी जहाजावरच्या एक्सकर्शन डेस्कला एकच विचारा: परत आणण्याची हमी आहे का?

प्रश्न : मुलांना माया बे दाखवायचाच आहे. पोहता येईल ना? (नागपूर)

नाही. माया बे हा फी फी बेटांवरचाच किनारा. पर्यटकांच्या गर्दीने प्रवाळ मेलं म्हणून तो २०१८ मध्ये बंद केला होता. २०२२ च्या जानेवारीत उघडला तो पोहण्याची बंदी घालून. पाय भिजवता येतात, तेवढंच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी बंद असतो. त्या महिन्यांत कुणी ‘माया बे’ विकत असेल तर तो लांबून बोटीतून दाखवणार आहे.

प्रश्न : मेच्या सुट्टीत जातोय. फुकेतच्या समुद्रात उतरता येईल का? (नाशिक)

आपल्याकडे जो नैऋत्य मोसमी वारा जूनमध्ये कोकणात येतो तो फुकेतला साधारण मेच्या मध्यावरच पोहोचलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे पातोंग, करोन, काटा इथे, पाणी माणसाला आत समुद्रात ओढतं. लाल बावटा असेल तर घोट्यापर्यंतसुद्धा नको. ‘आम्ही मालवणचे, आम्हाला पोहता येतं’ हे जीवरक्षकाला सांगू नका, त्याने असे बरेच बाहेर काढलेत.

त्या दिवसांत पूर्वेकडची फांग न्गाची खाडी बरी. ती आडोशाला आहे, चुनखडीच्या सुळक्यांमधून बोट संथ जाते. १९७४ च्या बाँडपटात दिसलेला तो सुळका आणि पाण्यात खांबांवर उभं असलेलं पन्यी गाव दोन्ही तिथेच. अंतराची वजाबाकी मात्र इथेही करा. जेलीफिश चावला तर चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. व्हिनेगर ओता (काही किनाऱ्यांवर बाटल्या खांबाला लावलेल्या असतात) आणि सरळ डॉक्टर गाठा.

प्रश्न : सून पाच महिन्यांची गरोदर आहे. स्पीडबोट चालेल? (सांगली)

नाही. बोटवाले स्वतःच घेणार नाहीत. पाठीचं दुखणं असलेल्यांनाही हेच. आणि या अवस्थेत क्रूझला जावं का, हे मला नाही, तिच्या डॉक्टरांना आणि क्रूझ कंपनीला विचारा. कितव्या आठवड्यापर्यंत नेतात याचा प्रत्येक कंपनीचा नियम असतो.

प्रश्न : पातोंगला एक टुकटुकवाला दिवसभर अगदी थोड्या पैशांत फिरवतो, असं व्हॉट्सॲपवर आलंय. (पुणे)

येणारच. तो तुम्हाला रत्नांच्या शोरूममध्ये नेईल, मग काजूच्या, मग मधाच्या, मग शिंप्याकडे. प्रत्येक दुकान त्याला तुम्हाला आणल्याचे पैसे देतं. मंदिर ‘आज बंद आहे’ असं कळेल. तुम्ही सहा तासांत चार दुकानं पाहाल आणि वहिनींच्या हातात ‘पन्ह्याच्या रंगाचा’ एक नीलम येईल, जो इथे आमच्या सराफाने हातात घेऊन हळूच परत ठेवला.

जेट-स्कीचंही तेच. परत केल्यावर जुना ओरखडा दाखवून भरपाई मागतात. घेऊच नका. घेतलीच तर आधी सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा, पासपोर्ट कुणाकडेही गहाण ठेवू नका, वाद झाला तर टुरिस्ट पोलिसांना ११५५ वर फोन करा.

प्रश्न : स्कूटर भाड्याने घेऊ का? रोज चालवतो. (छत्रपती संभाजीनगर)

दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना आहे? नसेल तर नको. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा तोच मागते. असला तरी दुचाकीचा अपघात पॉलिसीत धरला आहे का, कंपनीकडून मेलवर विचारून घ्या.

प्रश्न : आम्ही कांदा-लसूण खात नाही. फुकेतला उतरल्यावर उपाशी राहू का? (मुंबई, मुलुंड)

नाही. पिवळ्या पाटीवर लाल थाई अक्षरं शोधा, इंग्रजी आकड्यांतल्या सतरासारखी दिसतात. उच्चार ‘जे’. त्या दुकानात मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. फुकेतमध्ये चिनी वंशाचे लोक दरवर्षी नऊ दिवस हे व्रत करतात, त्यामुळे अशी दुकानं जुन्या शहरात सापडतात. नुसतं ‘व्हेज’ म्हणाल तर भाजीत माशांचं पाणी, नाम प्ला, असतं आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. जहाजावरच्या बुफेतली फळं पिशवीत भरून खाली नेऊ नका, दारातच काढून घेतात.

प्रश्न : व्हिसाचं काय? आमचा एजंट म्हणतो, सगळं मी बघतो. (सोलापूर)

तो बघतो, पण तुम्हीही बघा. जहाज परत सिंगापूरला येतं, म्हणजे सिंगापुरात तुम्ही दोनदा प्रवेश करता. व्हिसा एकाच प्रवेशाचा नाही ना, एवढं वाचा. मलेशिया-थायलंडच्या सवलती आणि ऑनलाइन आगमन-फॉर्मचे नियम बदलत असतात, सुटण्याआधी क्रूझ कंपनीकडून लेखी घ्या. हे फॉर्म सरकारी साइटवर फुकट भरता येतात. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर साइट खोटी आहे किंवा तुमचा एजंट.

प्रश्न : पोर्ट क्लांगला उतरून बाबांना (वय ७४) बाटू केव्हज दाखवायच्या आहेत. गुडघे दुखतात, पण श्रद्धा आहे. (जळगाव)

पोर्ट क्लांगहून क्वालालंपूरला जायलाच एक ते दीड तास लागतो आणि गुंफा शहराच्या उत्तरेला आहेत. इथे जहाज धक्क्याला लागतं, घड्याळाचा घोळ नाही, तरी शहरातली वाहतूक धरा. वरच्या गुंफेला २७२ पायऱ्या आहेत, चढ उभा आहे आणि माकडं हातातलं ओढतात. बाबांना चढवू नका. ४२.७ मीटर उंचीची मुरुगनची, म्हणजे कार्तिकेयाची, सोनेरी मूर्ती पायथ्यालाच उभी आहे, पूर्ण दिसते ती खालूनच. बाजूला हनुमानाची मोठी हिरवी मूर्तीही सपाटीवर आहे. एकाने बाबांजवळ खाली बसावं, बाकीच्यांनी वर जाऊन यावं. गुडघ्यांचं त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि पेट्रोनास टॉवर्स त्याच दिवसात बसवू नका. ते परतीच्या बसमधून दिसतात.