३००० निट्सचा फोन फेरीबोटीवर काळा का पडतो?

प्रश्न : तीन-चार परीक्षणं बघून गेल्या दसऱ्याला फोन घेतला. सगळ्यांनी एकच सांगितलं, ३००० निट्सची (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) स्क्रीन आहे, उन्हात लख्ख दिसते. पण दुपारी चोडणच्या फेरीबोटीवर कुणाला पैसे पाठवायचे तर तळहाताची सावली धरावी लागते. हे लोक खोटं बोलतात, की माझ्याच नशिबी वाईट नग आला? आणि आयपी६८ आहे म्हणून फोन समुद्रात नेला तर चालेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नग वाईट नसावा. ३००० हा आकडा बहुधा काळ्या स्क्रीनवर छोटा पांढरा चौकोन उमटवून मोजलेला असतो. अख्खी स्क्रीन पांढरी केली की तोच फोन पुष्कळ खाली येतो. आणि पैसे पाठवायचं ॲप म्हणजे जवळजवळ सगळं पांढरंच!

आधी बघा, ऑटो ब्राइटनेस बंद तर नाही ना? बऱ्याच फोनांत पट्टी हाताने शेवटपर्यंत ओढली तरी उन्हासाठी राखलेला उजेड मिळत नाही, तो ऑटोमध्येच मिळतो. माझ्या मावसभावाने बॅटरी वाचवायला ते बंद केलं आणि वर्षभर कंपनीला शिव्या घातल्या.

दुसरं कारण उष्णता. फोन तापला की जीव वाचवायला उजेड उतरवतो आणि वेगही. वेग किती उतरतो ते बघायला मी थ्रीडीमार्क या चाचणीच्या ॲपची स्ट्रेस टेस्ट लावतो. एक मिनिटाचं तेच ग्राफिक्स सलग २० वेळा चालतं, आणि सर्वांत वाईट फेरीचे गुण सर्वांत चांगल्या फेरीच्या किती टक्के, ते शेवटी कळतं. मे महिन्यात एकच फोन आधी एसीच्या खोलीत तपासला, मग दुपारी अडीचला म्हापशातल्या आमच्या बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या उघड्या ओसरीत. बाहेर टक्के धाडकन उतरले. आईने फोन उचलला आणि लगेच ठेवला, ‘ह्यावर आता पोळे घालू काय?’ म्हणाली. म्हणून ज्या परीक्षणात खोलीचं तापमान सांगितलेलं नाही, त्यातल्या टक्क्यांवर मी फारसा जात नाही. चाचणीचं ॲप ओळखून फोनच जादा जोर लावतो, असंही झालंय. २०१८ मध्ये हुआवेचे काही फोन थ्रीडीमार्कच्या यादीतून त्यासाठीच काढले होते.

समुद्रात मात्र नेऊ नका. आयपी६८ मधला ६ धुळीपासून बचावाचा, ८ पाण्यापासून, आणि ते पाणी गोडं, हलत नसलेलं. खोली नि वेळ कंपनी ठरवते, पुष्कळदा दीड मीटर आणि अर्धा तास. मिरामारच्या लाटेत मीठही आहे, वाळूही. चुकून भिजलाच तर गोड्या पाण्याने हलकेच धुवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. स्क्रीन बदलायला फोन एकदा उघडला असेल, तर ६८ वर विसंबूच नका.

पुढचा फोन घेताना तो दुकानाच्या दारात, उन्हात धरून बघा. म्हापशाच्या बाजारातला एक दुकानदार हल्ली मला लांबून पाहिलं की आधी ऑटो ब्राइटनेस चालू करतो.